दोन बेटं, एक बंदर आणि मोकळा वेळ

लग्नाचा हॉल ठरला, केटरर ठरला, की पुढची चर्चा हनिमूनची. या चर्चेत हल्ली ग्रीसचं नाव वरचेवर निघतं. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट आणि खाली समुद्र, हे चित्र एव्हाना प्रत्येकाने फोनच्या पडद्यावर पाहिलेलं असतं. मग कुठूनतरी तयार कार्यक्रम येतो : अथेन्स दोन रात्री, मिकोनोस दोन रात्री, सँटोरिनी दोन रात्री, परत अथेन्स एक रात्र. सात रात्री, आठ दिवस. कागदावर सगळं नीट बसलेलं दिसतं.

तो कागद जरा घड्याळ घेऊन वाचायला हवा. हॉटेलची खोली साधारण अकरा वाजता सोडावी लागते आणि नव्या गावातली खोली दुपारी तीनच्या सुमाराला हातात येते. मधला वेळ टॅक्सी, बंदरावरची वाट बघणं, बोट, पुन्हा टॅक्सी यांत जातो. मुक्काम बदलला की तो दिवस असाच संपतो. वरच्या कार्यक्रमात असे तीन दिवस आहेत. येण्याचा आणि परतीचा दिवसही वजा केला, तर आठातले तीनच दिवस पूर्ण हातात उरतात. आणि हे दोघं कोण? जे महिनाभर खरेदी, पत्रिका, हळद, रिसेप्शन, सत्यनारायण आणि कुलदैवताचं दर्शन यांतून नुकतेच बाहेर पडलेत.

म्हणून निवांत सहलीची आखणी करताना पहिला प्रश्न ‘किती ठिकाणं बघायची’ हा नसतो. ‘किती वेळा बॅग भरायची’ हा असतो. बारा-तेरा रात्रींच्या सहलीत मुक्कामाची ठिकाणं चारच ठेवली आणि त्यांतला एक मुक्काम चांगला लांबलचक ठेवला, तर ग्रीस खरोखर भेटतो.

नकाशा आणि बोटीचा मार्ग

ग्रीसच्या हद्दीत लहानमोठी सुमारे ६,००० बेटं आणि खडक आहेत. त्यांपैकी माणसांची वस्ती २२७ बेटांवर आहे. नवख्याची फसगत इथेच होते. नकाशावर दोन बेटं शेजारी दिसली म्हणजे त्यांच्यामध्ये रोजची बोट असतेच असं नाही. बेटांना जोडतात ते बोटींचे मार्ग. ते बहुतेक अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघतात आणि एका ओळीने बेटं घेत जातात. पिरेअस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी ही त्यांतली सगळ्यांत भरवशाची ओळ. या ओळीवरची बेटं निवडली तर मागे-पुढे हेलपाटे पडत नाहीत. तीन वेगवेगळ्या ओळींवरची तीन बेटं निवडली, तर प्रत्येक वेळी पिरेअसला परत यावं लागण्याची शक्यता असते.

बोटी दोन प्रकारच्या. एक मोठी, गाड्या आणि ट्रक पोटात घेणारी, उघड्या डेकची. ती पिरेअसहून नॅक्सोसला सव्वापाच-साडेपाच तासांत पोचते. दुसरी वेगवान. ती तेच अंतर साडेतीन-चार तासांत कापते, पण तिचं तिकीट बरंच महाग असतं आणि प्रवासी बंद काचेआड बसून राहतात. घाई नसेल तर मोठीच घ्यावी. वारा सुटला की हलकी, वेगवान बोट जास्त हलते. ज्यांना समुद्र लागतो त्यांच्यासाठी तर मोठ्या बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची जागा हाच उत्तम उपाय.

मोठ्या बोटीत चढणं हाही एक अनुभव आहे. धक्क्याला लागताच मागचा भला मोठा दरवाजा खाली पडतो आणि त्याच फळीवरून ट्रक, दुचाकी आणि माणसं एकदमच आत शिरतात. आत गाड्यांच्या मजल्यावर लोखंडी मांडण्या असतात. त्यांवर बेटांची नावं लावलेली असतात. आपल्या बेटाच्या मांडणीवर बॅग ठेवायची आणि वर जाऊन बसायचं. मधल्या बेटांवर बोट काही मिनिटंच थांबते. त्यामुळे घोषणा झाली की लगेच खाली उतरून बॅगेजवळ उभं राहायचं, दरवाजा उघडायच्या आधी. पासपोर्ट आणि औषधं मात्र त्या बॅगेत ठेवू नयेत, ती खांद्यावरच्या पिशवीत असावीत.

वारा

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून एक कोरडा, जोरदार वारा वाहतो. त्याला मेल्टेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. आभाळ निळं, ऊन लख्ख आणि तरी समुद्र खवळलेला, असं दृश्य आपल्याकडच्या माणसाला नवीन वाटतं, कारण आपल्याकडे खवळलेला समुद्र म्हणजे पावसाळा. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडायला मनाई करतात. आधी वेगवान बोटी अडकतात, वारा आणखी वाढला तर मोठ्याही. कधी खलाशांचा एका दिवसाचा संप असतो, तेव्हाही तेच. बोटच रद्द झाली तर तिकिटाचे पैसे मिळतात किंवा तारीख बदलून मिळते. पण चुकलेलं मुंबईचं विमान बोटवाल्यांच्या जबाबदारीत येत नाही.

यातून आखणीचा एक नियम निघतो आणि तो मोडू नये : बेटं आधी, मुख्य भूमी शेवटी. परतीच्या विमानाआधीचे निदान दोन दिवस जमिनीवर असावेत. मग बोट एक दिवस उशिरा सुटली तरी फक्त मुख्य भूमीवरचा एक दिवस जातो. कार्यक्रम उलटा असला तर हाच एक दिवस फार महागात पडतो.

लग्नाचे मुहूर्त आणि तिथला हंगाम

आपल्याकडची लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढात, चातुर्मास लागताना थांबते. ग्रीक बेटांचा हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. एप्रिल-मे मधल्या लग्नांना हा हिशेब सहज जुळतो. मेअखेर आणि जून हा बेटांवरचा फार सुंदर काळ. दिवस लांब, सूर्य साडेआठनंतर मावळतो, गर्दी अजून शिगेला पोचलेली नसते. पाणी मात्र मे महिन्यात थंडगार असतं. पोहण्याची हौस असेल तर सप्टेंबर उत्तम, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा ऊबदार असतो आणि मेल्टेमीही ओसरू लागतो. मेमध्ये लग्न करून सप्टेंबरमध्ये हनिमूनला जाणं हा अजिबात वाईट विचार नाही. दमलेल्या शरीराने विमानात बसण्यापेक्षा तीन-चार महिने एकत्र राहून, एकमेकांच्या झोपेच्या आणि चहाच्या वेळा माहीत झाल्यावर निघालेलं जोडपं अधिक मोकळेपणाने फिरतं.

१५ ऑगस्ट टाळावा. तो ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण. सगळा देश आपापल्या बेटावर, गावी जातो आणि बोटींत जागा मिळणं कठीण होतं.

डिसेंबर-जानेवारीत लग्न झालेल्यांनी बेटांचा हट्ट सोडावा हे बरं. हिवाळ्यात सँटोरिनीसारख्या ठिकाणची बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद असतात, बोटी कमी होतात. त्या दिवसांत अथेन्स, नाफ्प्लिओ, डेल्फी आणि उंच सुळक्यांवरच्या मठांचं मेतेओरा, अशी मुख्य भूमीवरची सहल जास्त चांगली होते.

सँटोरिनीचं काय करायचं?

हा प्रश्न टाळता येत नाही, कारण बहुतेक जोडप्यांच्या मनात ग्रीस म्हणजे सँटोरिनीच असतं. बेट विलक्षण आहे यात शंका नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास झालेल्या प्रचंड ज्वालामुखी स्फोटानंतर इथला भूभाग खचला आणि समुद्र आत शिरला. खचलेल्या भागाभोवती उरलेल्या कड्याच्या धारेवर आजची फिरा आणि इया ही गावं वसली आहेत. त्याच स्फोटाच्या राखेखाली गाडलं गेलेलं अक्रोतिरी हे गाव पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ पासून खणून काढलं. दुमजली घरं, सांडपाण्याची सोय, रंगीत भित्तिचित्रं, सगळं राखेने जपून ठेवलेलं. ते छताखाली असल्यामुळे दुपारच्या उन्हातही निवांत बघता येतं. सूर्यास्ताच्या फोटोसाठी तासभर उभे राहणारे अनेक जण अक्रोतिरीला जातच नाहीत, ही मोठी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

पण बेट लहान आहे, आणि क्रूझची जहाजं दिवसा हजारो माणसं एकदम उतरवतात. ही गर्दी आवरण्यासाठी ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर भर हंगामात माणशी २० युरो शुल्क लावलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत भूकंपाचे लागोपाठ धक्के बसत होते तेव्हा हजारो रहिवासी बेट सोडून काही काळ मुख्य भूमीवर गेले होते. हे घाबरवण्यासाठी सांगायचं नाही. ज्या कड्यावर आपण फोटो काढतो तिथे माणसं राहतात आणि त्यांचं जगणं सोपं नाही, एवढं माहीत असावं.

तेव्हा सँटोरिनी वगळायची गरज नाही, दोन रात्री पुरेत. मुक्काम इयाऐवजी पिरगोससारख्या आतल्या गावात केला तर खर्च कमी आणि शांतता जास्त. कड्यावरून चालायचं ते सकाळी सात-आठला, जहाजांची माणसं वर यायच्या आधी. फिरा ते इया ही पायवाट सुमारे दहा किलोमीटरची आहे. रमतगमत चाललं तर तीन-चार तास लागतात आणि बराच वेळ डाव्या हाताला खाली समुद्र असतो.

खरा मुक्काम : नॅक्सोस

सँटोरिनीहून बोटीने दीड-दोन तासांवर नॅक्सोस आहे. सिक्लाडीस बेटांतलं हे सगळ्यांत मोठं, आणि या सहलीचा गाभा इथेच असावा. पाच रात्री. एवढ्या कशाला, असं वाटेल. पण नॅक्सोस पर्यटकांवर जगणारं फक्त किनाऱ्याचं बेट नाही. इथे शेती आहे, बटाटे आहेत, गाईंचं दूध आणि त्यापासून केलेलं ग्राविएरा चीज आहे, संगमरवराच्या खाणी आहेत. बंदरात शिरताना डाव्या हाताला एका लहानशा टेकाडावर संगमरवराची एक प्रचंड चौकट उभी दिसते. तिला पोर्टारा म्हणतात. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सुरू झालेल्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या देवळाचं ते दार. तिथे तिकीट नाही, फाटक नाही. संध्याकाळी गावातली मुलंसुद्धा तिथे येऊन बसतात.

किनाऱ्यासाठी आयिओस प्रोकोपिओस, आया आन्ना आणि प्लाका ही लागोपाठ येणारी तीन ठिकाणं. बंदरावरून तिथे बस जाते. पाचांतले दोन दिवस किनाऱ्याला दिले, तर तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या गावांची बस पकडावी. हाल्की हे ऑलिव्हच्या बागांमधलं छोटंसं गाव. तिथे १८९६ पासून चालणारी एक भट्टी आहे आणि तिच्यात किट्रॉन नावाचं मद्य होतं. ते बनतं महाळुंगाच्या झाडाच्या पानांपासून. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ. लग्नानंतर दर्शनाला जाऊन आलेल्या जोडप्याला नॅक्सोसच्या डोंगरात त्याच जातीचं झाड भेटावं, याचा आनंद काही वेगळाच. मद्य न घेणाऱ्यांनाही जुनी तांब्याची भांडी पाहायला मिळतात.

हाल्कीच्या पुढे फिलोती आणि मग आपीरान्थोस. या शेवटच्या गावात गल्ल्यासुद्धा संगमरवरी फरशांच्या. दुपारी दोन ते पाच गाव झोपतं. दुकानं बंद, रस्त्यावर मांजरं. हीच वेळ एखाद्या झाडाखालच्या टेबलाशी जेवण लांबवण्याची. फिलोतीच्या वर झास पर्वत आहे, उंची सुमारे १,००० मीटर, सगळ्या सिक्लाडीसमधलं सर्वांत उंच शिखर. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना अर्ध्या दिवसाची चढाई जमेल. मात्र सावली फारशी नाही, म्हणून पाणी भरपूर न्यावं आणि सकाळीच निघावं. गाडी किंवा स्कूटर घ्यायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढून ठेवावा.

शाकाहारी जोडप्यांना ग्रीसची भीती वाटते, ती बरीचशी निराधार आहे. सनातनी ख्रिस्ती परंपरेत वर्षात उपासाचे अनेक दिवस येतात आणि त्या दिवशी मांस, मासे, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे बिनमांसाचं जेवण तिथे घरोघरी शिजतं. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणासारखं, वरून ऑलिव्ह तेल आणि कांदा. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे पावटे. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. ‘निस्तीसिमो’ म्हटलं की खानावळीतल्या माणसाला उपासाचं हवं हे कळतं. तरी एक खबरदारी : उपासाला कोळंबी, माकुल चालतात, म्हणून तेही नको हे वेगळं सांगावं. येमिस्तात काही ठिकाणी खिमा घालतात, तेही विचारून घ्यावं.

जमिनीवर परत : नाफ्प्लिओ

नॅक्सोसहून सकाळची मोठी बोट घेतली तर दुपारी पिरेअस. इथून लोक सरळ अथेन्सच्या हॉटेलात जातात. त्याऐवजी आणखी अडीच तास पश्चिमेला जावं. बस किफिसोस स्थानकातून सुटते आणि कोरिंथची संयोगभूमी ओलांडून पेलोपोनीस द्वीपकल्पात शिरते. इथेच १८९३ मध्ये पूर्ण झालेला कोरिंथचा कालवा आहे, खडक सरळ कापून काढलेला, सहा किलोमीटरांहून अधिक लांब.

नाफ्प्लिओ हे समुद्राकाठचं गाव म्हणजे आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी. १८३४ मध्ये राजधानी अथेन्सला गेली. ग्रीसचे पहिले शासनप्रमुख योआनिस कापोदिस्त्रिआस यांची १८३१ मध्ये इथल्याच एका चर्चच्या दारात हत्या झाली. गावावर पालामिडी हा व्हेनिसकरांनी १७११ ते १७१४ मध्ये बांधलेला किल्ला आहे. पायऱ्या ९९९ अशी ख्याती. मोजणारे प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतात. बंदरातच पाण्यात बूर्झी नावाचा छोटा किल्ला उभा आहे. मुरूड-जंजिरा पाहिलेल्या माणसाला जलदुर्गाची ती जागा कशासाठी निवडली हे सांगावं लागत नाही.

तीन रात्री इथे द्याव्यात. प्राचीन मायसिनी अर्ध्या तासावर. तिथलं सिंहद्वार सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचं. एपिडॉरस दुसऱ्या दिशेला तेवढंच दूर. तिथलं दगडी नाट्यगृह इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, हजारो माणसं बसतील एवढं. खाली मधोमध उभं राहून कुणी हळू बोललं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं अशी ख्याती आहे, म्हणून मार्गदर्शक टाळ्या वाजवून दाखवतात. १९५५ पासून उन्हाळ्यात इथे प्राचीन नाटकांचा महोत्सव भरतो. प्रयोग बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी रात्री असतात. पु. ल. देशपांडे यांनी ज्या सोफोक्लीसच्या ईडिपसला मराठीत आणलं, त्या सोफोक्लीसच्या नाटकांचे प्रयोग इथे उघड्या आकाशाखाली होतात. नाटकाची आवड असलेल्या जोडप्याने तारखा आधी पाहून नाफ्प्लिओचा मुक्काम शुक्रवार-शनिवारवर बसवावा. एवढ्या एका कारणासाठी सगळी सहल दोन दिवस मागे-पुढे केली तरी चालेल.

सँटोरिनी नकोच असेल तर आणखी एक सुंदर जोडणी आहे. नॅक्सोसहून पिरेअसला यायचं, एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी छोट्या बोटीने दोनेक तासांत हायड्रा. या बेटावर खासगी मोटारी नाहीत, सामान खेचरांच्या पाठीवरून जातं. दोन दिवसांनी समोरच्या एर्मिओनी बंदरात उतरलं की आपण पुन्हा पेलोपोनीसच्या जमिनीवर असतो आणि तिथून नाफ्प्लिओ रस्त्याने गाठता येतं. अथेन्सला परत जावं लागत नाही. हा भाग मेल्टेमीपासून बराच आडोशाला आहे, हाही फायदा.

कागदपत्रं आणि पैसा

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. निदान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. उन्हाळ्यात मुंबईत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून साखरपुडा होताच तारखा पक्क्या करायला घ्याव्यात. नवरीच्या पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने तिकीट, व्हिसा आणि विमा काढावा. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर ते सहलीनंतर. पासपोर्टवर नाव बदलण्याची सक्ती नाही, आणि अर्धवट बदललेली नावं हाच विमानतळावरचा खरा त्रास.

ग्रीसमध्ये खोलीच्या भाड्यावर रात्रीगणिक वेगळा कर असतो आणि तो बहुधा हॉटेलातच भरावा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरात तो तीनतारांकित हॉटेलात खोलीमागे ५ युरो, चारतारांकितमध्ये १० आणि पंचतारांकितमध्ये १५ युरो आहे. सगळ्या रात्रींचा हिशेब आधी करून ठेवावा. बोटींची सगळी वेळापत्रकं फार आधी जाहीर होत नाहीत. त्यामुळे आधी विमान, मग नॅक्सोसची खोली, आणि बोटीची तिकिटं वेळापत्रक आल्यावर, हा क्रम ठेवावा.

राहता राहिलं अथेन्स. त्यासाठी पहिली एक रात्र आणि शेवटच्या दोन. पहिल्या रात्री फक्त झोप, कारण त्याच दिवशी बेटाचं विमान किंवा बोट धरायला गेलं आणि मुंबईचं विमान लांबलं की पुढचं सगळं कोसळतं. शेवटच्या दोन दिवसांत अक्रोपोलिस. त्याचं तिकीट आता ठरावीक वेळेचं मिळतं. सकाळची पहिली वेळ किंवा संध्याकाळची घ्यावी, कारण उष्णतेची लाट आली तर दुपारी ते बंदही ठेवतात. शेजारचं अक्रोपोलिस संग्रहालय शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या काचेतून उजळलेलं पार्थेनॉन दिसतं. विमानतळासाठी मेट्रोची निळी मार्गिका मोनास्तिराकी आणि सिंटाग्मा या स्थानकांवरून जाते. गाडी साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने असते, म्हणून निघण्याआधी वेळ बघून ठेवावी.